नळीचं टोक

नव्या घरात राहायला येऊन चार दिवस होत नाहीत, तोच मापाड्याच्या आईनं पलंगावरून हाक मारली, "अरे, माझ्या चपला कुठं निघाल्या बघ!"

चपला रबरी, हलक्या. सुनेनं फरशी धुवायला दोन बादल्या पाणी ओतलं होतं. ते पाणी मागच्या दाराशी, मोरीच्या भोकाकडं जायला हवं होतं आणि तिथून बाहेरच्या चरात. पण पाण्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. ते स्वयंपाकघरातून वळलं, मधल्या खोलीत शिरलं आणि म्हातारीच्या पलंगाखाली जाऊन पाहुण्यासारखं ऐसपैस बसलं. सून त्याला खराट्यानं मागं लोटत होती आणि खराटा उचलला की ते परत येत होतं.

"नव्या घराचं कौतुक असेल त्याला," म्हातारी पाय वर घेत म्हणाली.

मापाडी हसला नाही. तसा तो हसणाऱ्यातला नव्हताच. धान्याच्या बाजारात मोठ्या काट्यापाशी त्याची बावीस वर्षं गेली होती. पोतं काट्यावर चढलं की तो दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचा, पंजे उघडे करायचा आणि दांडी थांबेपर्यंत तसाच उभा राहायचा. विकणाऱ्यानं बघावं, घेणाऱ्यानं बघावं, हात कुठं लागलेला नाही. हमाल त्याची नक्कल करायचे. लांबून तो येताना दिसला की हात वर करून उभे राहायचे, आणि पाठीमागं त्याला 'हातवर' म्हणायचे. पण नक्कल करणाऱ्यांनीही कधी त्याच्या वजनावर शंका घेतली नव्हती. बावीस वर्षांत त्यानं तोललेलं एकही पोतं दुसऱ्यांदा काट्यावर चढलं नव्हतं. त्याच्यापाशी मिरवायला दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं.

आणि आता हे घर होतं. बाजारामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत अर्धं आयुष्य काढून बांधलेलं. तीन खोल्या, सरळ रेषेत, पुढून मागं.

संध्याकाळी मेव्हणा घर बघायला आला. त्यानं चपला दारात काढल्या आणि आत पाऊल टाकताच पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला.

"दाजी, घर बांधलंत की होडी?"

बायकोनं भावाला डोळ्यांनी दटावलं. मापाड्याच्या मात्र हे वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन, भरल्या काट्यापाशी, अडतीच्या शेठांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "गवंड्याच्या हाताला माप नाही. माझ्या घराचं वाटोळं केलं त्यानं."

शेठांनी मान वर केली. बाजाराचं नवं गोदाम बांधायचं ठरत होतं आणि ते काम याच गवंड्याला द्यायचं जवळजवळ नक्की झालं होतं. मापाड्याला हे माहीत होतं. माहीत नसल्यासारखं बोलला, एवढंच.

"असं?" शेठ म्हणाले. "मग आपण थांबू जरा."

गवंडी दुपारीच धावत आला. उंच, वाकलेला माणूस. चुन्यानं चिरलेल्या बोटांना त्यानं चिंध्या गुंडाळल्या होत्या. मागोमाग त्याची बायको आली. ती त्याच्यासोबतच कामावर असायची. माल कालवायची, विटा द्यायची, नळी धरायची. गवंड्यानं तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि उकिडवा बसून ते कुठं जातंय ते बघत राहिला. पाणी पुढं पुढं गेलं, त्याच्याकडं ढुंकूनही न बघता. त्याचा चेहरा पडला.

"असं कसं झालं?" तो स्वतःशीच म्हणाला. "मालक, खुणा नळीनं घेतल्यात सगळ्या. तुम्हीच होतात की."

नळी म्हणजे पाण्याची, लांब, आरपार दिसणारी. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, दुसरं समोरच्या भिंतीला. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथं खुणा करायच्या आणि त्या खुणांपासून खाली मोजत फरशी बसवायची. यापेक्षा साधं आणि यापेक्षा खरं माप गवंड्यापाशी नसतं.

"मी होतो म्हणूनच सांगतो," मापाडी म्हणाला. "एक टोक माझ्या हातात होतं. केसभर हलू दिलं नाही मी. घोळ असेल तर तुझ्या टोकाला."

गवंड्याच्या बायकोनं त्याच्याकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं.

"मालक, गोदामाचं काम जाईल माझं," गवंडी म्हणाला. "बाजारात बोलायच्या आधी मला तरी एकदा हाक मारायची."

"जे दिसलं ते बोललो. रविवारी शेठ येतील, आणखी दोघं-चौघं येतील. त्यांच्यासमोर नळी लाव परत. दूध का दूध होऊन जाऊ दे."

रविवारी सकाळी उन्हं अंगणात उतरायच्या आत माणसं जमली. शेठ आले, मेव्हणा आला, शेजारचा सुतार आला. म्हातारी पलंगावर बसूनच होती. वारा कोरडा होता आणि दारातून सारखी धूळ आत येत होती. भिंतींवरच्या खुणा चुन्याखाली गेल्या होत्या, पण पुढच्या आणि मागच्या चौकटीवर छिन्नीचे दोन व्रण अजून दिसत होते. गवंडी एक टोक घेऊन मागच्या चौकटीशी गेला. त्याच्या बायकोनं दुसरं टोक उचललं, तेवढ्यात मापाडी पुढं झाला.

"इकडं आण. हे टोक मीच धरणार. नंतर कुणी बोलायला नको."

तिनं मुकाट्यानं टोक दिलं आणि दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकली.

मापाड्यानं टोक व्रणाला लावलं, पाय रोवले आणि श्वास धरला. काट्यापाशी उभा राहायचा तसाच. "आलं! इकडं बरोबर खुणेवर!"

मागून गवंड्याचा आवाज आला, "इकडं खुणेवर... थांबा. नाही, वर चाललं. आता खाली. मालक, पाणी माझ्या हाताबरोबरच फिरतंय. काहीतरी अडलंय."

"तुझा हात थरथरत असेल," मेव्हणा म्हणाला आणि सुतार हसला.

तेव्हा गवंड्याची बायको भिंतीपासून हलली, मापाड्याच्या अगदी जवळ आली आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "मालक, अंगठा."

"काय?"

"अंगठा काढा. तोंड बंद असलं की पाणी हलत नाही."

मापाड्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. नळीच्या तोंडावर त्याचा अंगठा होता, घट्ट, नख पांढरं होईपर्यंत दाबलेला. त्यानं तो उचलला. नळीतलं पाणी सुटलं आणि सर्रकन वर चढलं. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. तिथं जरा डुचमळलं आणि थांबलं.

"सुटलं!" मागून गवंडी ओरडला. "आता बसलं! खुणेच्या खूप खाली आहे इकडं!"

त्या एका क्षणात मापाड्याला तो दिवस लख्ख आठवला. भिंती नुसत्या विटांच्या होत्या. नळी गवंड्याच्या बायकोच्या हातात होती आणि त्यानंच ती घेतली होती. "हे मापाचं काम आहे. तू विटा बघ, मी धरतो." टोक घेऊन चालताना पाणी उसळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "चालताना अंगठा लावायचा मालक, आणि मग..." पुढचं त्यानं ऐकलं नव्हतं. "मला माप शिकवू नकोस. जन्म गेलाय माझा काट्यावर." आणि मग दुपारभर, चौकटीमागून चौकट, सदरा भिजू नये म्हणून त्यानं अंगठा काढलाच नव्हता. प्रत्येक वेळी मोठ्यांदा ओरडला होता, "आलं! बरोबर खुणेवर!"

त्याचे कान तापले. अंगठा अजून हवेत होता, तो त्यानं मुठीत घेतला.

"काय झालं हो?" शेठांनी विचारलं.

सांगायचं म्हटलं तर दोन शब्दांचं काम होतं. पण शेठ समोर होते, आणि उद्या हमालांच्या तोंडी काय जाईल ते मापाड्याला ऐकू आलं. मापाड्याचा अंगठा होता म्हणे. मापाड्याचाच. आणि मग कुणीतरी विचारणार, पोत्यांवर हा अंगठा कधीपासून आहे?

"बुडबुडा होता," तो म्हणाला. "नळीत बुडबुडा अडकला होता. आता निघाला."

गवंडी मागच्या चौकटीपासून चालत मधल्या खोलीत आला. त्यानं नळी उजेडात धरली, पाहिली आणि आपल्या बायकोकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"बुडबुडा?" तो म्हणाला.

"त्या दिवशीही तोच असणार," मापाडी म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

"आणि नळीत बुडबुडा आहे की नाही, हे बघायचं काम कुणाचं?" शेठांनी विचारलं.

गवंडी नळी गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "माझंच. पाणी हातासोबत फिरत होतं ते त्या दिवशी मला कळायला हवं होतं. माल कालवून ठेवला होता, तो सुकत चालला होता. घाई केली मी."

"मग फरशी उखडून परत बसवून दे यांना. पदरच्या मेहनतीनं. आणि गोदामाचं आता राहू दे."

निवाडा झाला. माणसं गेली. जाताना मेव्हण्यानं गवंड्याच्या खांद्यावर थाप मारली आणि "बुडबुडे मोजायला शीक रे" म्हणाला. गवंडी हसला, हसावं लागतं तसा.

सोमवारपासून दोघं उखडायला लागली. म्हातारीचा पलंग अंगणात आला, वर चादर बांधून सावली केली. गवंडी छिन्नी लावायचा, हातोडा घालायचा, फरशी सुटली की अखंड राहावी म्हणून गुडघ्यावर झेलायचा. बायको घमेली भरून खडी बाहेर टाकायची. तिन्ही खोल्यांतून पांढरा धुरळा उठायचा आणि तिच्या केसांवर, भुवयांवर बसायचा. दुपारपर्यंत ती म्हातारी दिसायला लागायची.

मापाडी दुपारचा जेवायला घरी यायचा तेव्हा ती दोघं मागच्या भिंतीच्या सावलीत भाकरी खात बसलेली असायची. पहिल्या दिवशी तो त्यांच्यासमोरून झपाट्यानं आत गेला. त्यानं जेवायला बसून दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आलाच नाही, बाजारातल्या नळावर ओंजळीनं पाणी प्याला. पण संध्याकाळी यावं लागलंच. गवंड्याची बायको टोपलीत हत्यारं भरत होती. हातोड्याखाली सापडून तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. मापाड्यानं ते पाहिलं आणि नजर कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"त्यांच्या हाताला लावायला काही दे," तो आत येऊन बायकोला म्हणाला.

"हळद दिली केव्हाच." बायको चुलीपाशी बसली होती. तिनं मान न वळवता विचारलं, "अहो, नळीत बुडबुडा असला तर दिसतो का हो?"

"दिसतो."

"मग त्या दिवशी तुम्हाला कसा दिसला नाही? टोक तर तुमच्याच हातात होतं."

मापाडी सदरा खुंटीला लावत होता. तो पडला, त्यानं उचलला, परत लावला. बायकोनं पुढं विचारलं नाही. तिनं न विचारणं त्याला जास्त लागलं. बाहेरून म्हातारी बडबडत होती, "बाई दिवसभर खपते बिचारी, तोंडातून चकार शब्द नाही. माझ्या पलंगापायी तिच्या जिवाला घोर." म्हातारीला कुणी आवर घालेना.

मापाड्याला स्वतःची किळस आली. आतापर्यंत तो घाबरला होता, आता त्याला लाज वाटायला लागली, आणि लाज भीतीपेक्षा वाईट होती. काट्यापाशी हात वर करताना आपले पंजे आपल्यालाच खोटे वाटतात, हे त्याला त्या दोन दिवसांत कळलं होतं. हमालांनी नक्कल केली की पूर्वी तो मनातून सुखावायचा, आता त्याला वाटायचं यांना कळलंय.

तिसऱ्या दिवशी खडी दाबून झाली आणि नव्या खुणा घ्यायची वेळ आली. मापाडी त्या दुपारी मुद्दाम घरी आला होता. गवंड्यानं नळी भरली. त्याची बायको नेहमीसारखी एक टोक घ्यायला पुढं झाली, तर गवंड्यानं तिला थांबवलं आणि टोक मापाड्यापुढं केलं.

"धरा मालक."

त्यात टोमणा होता का, हे मापाड्याला कळलं नाही. त्यानं टोक घेतलं, पुढच्या चौकटीशी गेला. नळीच्या तोंडावर त्यानं काहीच ठेवलं नाही. पाणी हललं, सदऱ्यावर सांडलं, पोटापर्यंत ओल गेली. मग ते थांबलं.

"आलं," तो हळू म्हणाला.

"इकडंही आलं," मागून गवंडी म्हणाला आणि त्यानं छिन्नीनं खूण केली.

चारी चौकटी झाल्या. गवंडी नळी गोळा करत असताना मापाडी त्याच्याजवळ गेला. "तुला ठाऊक होतं?"

"रविवारी घरी जाताना वाटेतच सांगितलं हिनं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणापुढं बोलू?" गवंडी नळीतलं पाणी ओतून टाकत म्हणाला. "तुमचं एक पोतं कधी कुणी परत तोललं नाही. माझी भिंत रोज कुणी ना कुणी ठोकून बघतो. तुमच्यापुढं माझं कोण ऐकणार होतं?"

गवंड्याची बायको घमेलं उलटं करून त्यावर बसली होती, काळं नख दुसऱ्या हातात धरून. मापाडी तिच्याकडं वळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो परक्या बाईसमोर मान खाली घालून उभा होता.

"चुकलं माझं, बाई. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आणि नंतर खोटंही बोललो."

तिनं मान वर केली.

"हे इथं म्हणून काय उपयोग, मालक?" ती म्हणाली. "इथं आम्हा दोघांना ठाऊकच आहे."

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला होता. गाड्या रांगेनं लागल्या होत्या, पोत्यांच्या थप्प्यांवर माणसं बसली होती, शेठ गादीवर होते. पहिलं पोतं काट्यावर चढलं. मापाड्यानं हात वर नेले, आणि दांडी थांबल्यावरही ते खाली आणले नाहीत.

"शेठ," तो म्हणाला. "माझ्या घराच्या नळीत बुडबुडा नव्हता."

"हं?"

"माझा अंगठा होता. नळीच्या तोंडावर. त्या दिवशीही आणि रविवारीही. गवंड्याचं माप चोख आहे. त्याची बायको मला सांगत होती, मी ऐकलं नाही. आणि तुमच्यासमोर खोटं बोललो."

मग कुठून तरी एक हमाल फिस्सकन हसला. दुसऱ्यानं अंगठा वर करून दाखवला आणि थप्पीवरची माणसं खो खो हसायला लागली. मापाडी हात वर करून तसाच उभा राहिला. त्याला घाम फुटला होता आणि तो काखेतून खाली ओघळताना सगळ्यांना दिसत होता.

शेठ हसले नाहीत. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत होते, जणू बावीस वर्षांत नीट पाहायचं राहून गेलं होतं.

"गोदामाचं मी काल दुसऱ्याशी बोललो," ते म्हणाले.

"बोलणंच झालंय ना शेठ, काम तर सुरू नाही. त्याला एकदा बोलवा."

"बघू," शेठ म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

मापाड्यानं वजन पुकारलं. हमालांनी पोतं उतरवलं आणि पुढचं चढवलं. त्या पोत्याचा मालक म्हणजे लांबून आलेला एक म्हातारा होता. दरवर्षी तो पोतं चढवायचा आणि लांब सावलीत जाऊन बसायचा, वजन ऐकायलाही उठायचा नाही. आज तो सावलीत गेला नाही. काठी टेकत काट्याला वळसा घालून तो मापाड्याच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला आणि डोळे बारीक करून त्याच्या हातांकडं बघायला लागला. त्याच्यामागं आणखी दोघं आले.

मापाडी काट्यापासून एक पाऊल मागं सरला, त्यांना नीट दिसावं म्हणून. त्यानं दोन्ही हात वर नेले, दहाही बोटं ताणून फाकवली, आणि दांडी थांबायची वाट बघत उभा राहिला.